फेरमोजणीचा रकाना

सोयाबीनच्या मुळांचा अभ्यास करणाऱ्या त्या केंद्रात चाळणीबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं होतं. सव्वीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसत आल्या होत्या. टेबलावर नळ, बादल्या आणि एकावर एक ठेवलेल्या दोन चाळण्या, म्हणून चाळणीबाई. ज्या साहेबांनी हे नाव ठेवलं ते कधीच निवृत्त झाले, नाव मात्र कामावर राहिलं.

काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. कुंडीतली माती बादलीत ओतायची, भरपूर पाण्यात ढवळायची, तीसपर्यंत आकडे म्हणायचे आणि वरचं पाणी चाळण्यांवर ओतायचं. वरच्या जाड चाळणीत मुळांचे तुकडे आणि खडे अडकायचे. खालच्या बारीक चाळणीत जे अडकायचं त्यासाठी हा सगळा खटाटोप. सूत्रकृमी हा मुळात शिरून बसणारा, दोऱ्याहून बारीक किडा. त्याची मादी अंड्यांनी फुगते, मुळाला चिकटल्या जागी लिंबासारखी होते आणि तशीच मरते. ती मेली तरी पोटातली अंडी जिवंत असतात आणि वर्षानुवर्षं मातीत ठाण मांडून बसतात. टाचणीच्या डोक्याहून लहान असा हा ऐवज. केंद्रात सगळे त्याला मणी म्हणत. कोवळा मणी पांढरा, मग पिवळा, जून झाला की तपकिरी.

चाळणीतला गाळ रेघा आखलेल्या पांढऱ्या कागदावर पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली कागद एकेक रेघ सरकवायचा आणि मणी दिसला की हातातल्या टिकटिक्याचं बटण दाबायचं. मोजून झालं की कागदावरचं सगळं, अगदी मातीच्या कणांसकट, एका लहान बाटलीत धुऊन घ्यायचं. रंग टिकवणारं औषधी पाणी घालायचं, चिठ्ठी लावायची, आणि बाटली पाच वर्षं कपाटात. "सगळं घ्यायचं, निवडत बसायचं नाही," हा चाळणीबाईंचा दंडक होता.

दुसरा दंडक फेरमोजणीचा. वहीत कुंडीचा नंबर, आकडा, आणि त्याच्या शेजारी एक अरुंद रकाना. दर दहाव्या कागदाची मोजणी दुसऱ्यानं करायची आणि तिथे आपला आकडा लिहून सही करायची. हा रकाना चाळणीबाईंनीच आखला होता, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. तेव्हाचे एक अधिकारी अख्खा हंगामभर वाळूचे कण मणी म्हणून मोजत होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंनी भीत भीत ते दाखवून दिलं होतं. पुढे त्याच इतक्या वाकबगार झाल्या की त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं साहेबसुद्धा पाहुण्यांना सांगायला लागले. बाई वरवर "काहीतरीच काय साहेब" म्हणायच्या आणि दिवसभर खुशीत असायच्या.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना मॅडमचा प्रयोग संपला. मॅडम म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेली तरुण शास्त्रज्ञ. हुशार, धांदरट, चहा गार करून पिणारी. तिचा प्रश्न सरळ होता. सोयाबीनला मूळकूज होते ती बुरशीमुळे. पण जिथे सूत्रकृमी असतो तिथे ती जास्त का दिसते? म्हणून चार तऱ्हेच्या कुंड्या केल्या. काहीच न घातलेल्या, फक्त बुरशीच्या, फक्त कृमीच्या, आणि दोन्ही असलेल्या. प्रत्येक तऱ्हेच्या बारा, आणि सगळा खेळ दोनदा. शहाण्णव कुंड्या काचघरातून एकेक करून आणून द्यायचं काम कुंडीवाल्याचं. हा चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. कुंडी टेबलाशी ठेवायचा, नंबर सांगायचा आणि जायचा.

निकाल असा लागला की मॅडमला खुर्चीत बसवेना. दोन्ही असलेल्या कुंड्यांत मुळं दुपटीनं कुजली होती, ते अपेक्षितच होतं. पण त्याच कुंड्यांत मणी मात्र निम्मे.

"बुरशी कृमीला आवर घालते, चाळणीबाई!" मॅडम म्हणाली. "हे आपल्याकडे कुणी दाखवलेलं नाही. म्हणजे कूज जास्त असलेल्या शेतात कृमीची तपासणी करायची गरजच नाही. तिथे तो आपोआपच कमी. शुक्रवारी अहवाल पाठवते. आणि आभारात पहिलं नाव तुमचं."

"खरं नाव घाला म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. "नाहीतर आभार चाळणीचे मानाल."

हे सोमवारी दुपारी. संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी बाहेरच्या खोलीत मांडलेली होती आणि नवरा पालथ्या डब्यावर बसून ब्रश धूत होता. तो पेशानं रंगारी. जगाची घरं रंगवली, स्वतःचं स्वयंपाकघर अकरा वर्षं तसंच. शेवटी बाईंनी रंगाच्या पुस्तकातून स्वतः एक फिका पिवळा निवडून दिला होता आणि आज मुहूर्त लागला होता.

बाईंनी दारातून आत पाहिलं. "अहो, दिवसभर केलंत काय? नुसतं पांढरं अस्तरच मारून बसलात होय?"

"झाली की थट्टा सुरू."

"थट्टा कसली? पिवळा कधी लावणार?"

"अगं, दोन हात मारलेत. समोरची भिंत आख्खी पिवळी आहे."

बाई आत गेल्या. भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मग दाराच्या चौकटीकडे पाहिलं, तिला फक्त पांढरं अस्तर होतं. पुन्हा भिंतीकडे पाहिलं. दोन्ही त्यांना सारखीच दिसत होती. त्यांनी भिंतीवर अंगठा दाबला तर ओला रंग अंगठ्याला लागला.

नवऱ्यानं ब्रश खाली ठेवला. चाळीस वर्षं रंगात काढलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "ही चौकट पांढरी," तो हळूच म्हणाला. "ही भिंत पिवळी. तुला फरक दिसत नाही?"

"दिवा नीट नाही इथला," बाई म्हणाल्या आणि अंगठा धुवायला निघून गेल्या.

पण शंका काही अंगठ्याबरोबर धुतली गेली नाही. कोवळा मणी पांढरा, मग पिवळा. आणि कागद पांढरा. जेवताना त्यांनी तीन वेळा स्वतःची समजूत घातली. चुकत असतं तर फेरमोजणीत आलं नसतं का? तिथे तर मॅडमचा आकडा कायम आपल्या आकड्याला चिकटून. एक इकडे, दोन तिकडे. तेवढं चालायचंच. रकाना आहे तोवर घाबरायचं कारण नाही. या विचारावर त्या झोपल्या.

तरी मंगळवारी सुट्टी टाकून त्या नणंदेच्या चष्म्याच्या दुकानात गेल्याच. नणंद तिथे डोळे तपासायची आणि दोन वर्षं वहिनीच्या मागे लागली होती. दोन वर्षं वहिनीचं एकच उत्तर, "मी दिवसभर किड्याची अंडी बघते, वन्सं, तुमच्या भिंतीवरची अक्षरं काय घेऊन बसलात?"

आज वहिनी मुकाट खुर्चीत बसली. नणंदेनं एक डोळा, मग दुसरा डोळा बारीक उजेडात पाहिला.

"मोतीबिंदू," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. आणि चांगला पिवळा पडलाय. डॉक्टरांकडे आजच नंबर लावते."

"अक्षरं तर सगळी वाचली मी."

"काळी अक्षरं वाचलीत. काळं दिसतं, तपकिरी दिसतं. तुम्ही सगळं जग पिवळ्या काचेतून बघताय, वहिनी. पांढऱ्यावरचं फिकं पिवळं त्यात बुडून जातं."

"पण मला कळलं असतं ना, दिसत नसतं तर?"

नणंदेनं बॅटरी बंद केली. "जे दिसतच नाही ते दिसत नाही हे कसं कळणार?"

बुधवारी बाई नेहमीपेक्षा अर्धा तास आधी केंद्रात पोचल्या. वही काढली. दोन्ही असलेल्या कुंड्यांचे आकडे ओळीनं वाचले आणि सव्वीस वर्षांची अक्कल आपोआप चालायला लागली. ज्या कुंडीत मुळं कुजलीत तिथे कृमीला खायला धड मिळत नाही. मादी हळू वाढते. म्हणजे साठाव्या दिवशी माती धुतली तेव्हा तिथले मणी जून झालेलेच नसणार. पांढरे असणार, पिवळे असणार. फक्त कृमी असलेल्या कुंडीत मुळं धडधाकट, तिथले मणी वेळेवर तपकिरी. मणी कमी नव्हते. आपल्याला न दिसणारे मणी जास्त होते.

मग त्यांनी अरुंद रकाना पाहिला. चव्वेचाळीस, शेजारी पंचेचाळीस. अडतीस, शेजारी सदतीस. एकावन्न, एकावन्न. खाली मॅडमची सही. जीव भांड्यात पडला. मॅडमचे डोळे तिशीचे आहेत. तिलाही तेवढेच दिसले म्हणजे तेवढेच होते. वन्संना जिथे तिथे मोतीबिंदूच दिसतो.

तरीही मॅडम आल्या आल्या त्यांनी विचारलं. "ही फेरमोजणी तुम्हीच केलीत ना?"

"हो," मॅडम म्हणाली, आणि पिशवी खांद्यावरून काढता काढता थांबली. "म्हणजे... का?"

"मोजलेत ना मणी? टिकटिक्या घेऊन?"

मॅडमचा चेहरा पडला. ती खोटं बोलण्यातली नव्हती, हा तिचा चांगला गुण आणि या कामात मोठी अडचण. "चाळणीबाई, तुमचा कागद मी काय मोजणार? मणी कसा दिसतो हे मला तुम्हीच शिकवलं. तुमचा आकडा बघायचे आणि एक-दोन कमीजास्त करून लिहायचे. मी आले तेव्हा सगळे तसंच करत होते. म्हणाले, बाईंची फेरमोजणी म्हणजे नुसती रीत आहे."

बाई खाली बसल्या. राग आधी आला, भीती मागून. "रीत?"

"तुमच्यावर शंका घ्यायची म्हणजे..."

"शंका घ्यायलाच तो रकाना आहे!" बाई इतक्या मोठ्यानं बोलल्या की बाहेर कुंड्यांची आदळआपट थांबली. "परवापासून या रकान्याच्या भरवशावर मी जेवतेय, झोपतेय. आणि त्यात माझाच आकडा मला वाकुल्या दाखवतोय!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, अंगठा, नणंद. मॅडम मध्येच "नाही हो, असं कसं" म्हणत राहिली. बाईंनी कपाटातून सदतीस नंबरची बाटली काढली, कागदावर ओतली आणि टिकटिक्या मॅडमच्या हातात दिला. वहीत या कुंडीचे मणी चव्वेचाळीस होते.

मॅडम मोजायला बसली. टिकटिक, टिकटिक. चव्वेचाळीस झाले तेव्हा कागद निम्मासुद्धा सरकला नव्हता. बाईंना ते आवाजावरूनच कळत होतं, कारण त्याही मनातल्या मनात मोजत होत्या. एकोणनव्वदला टिकटिक थांबली.

"पिवळे खूप आहेत," मॅडम म्हणाली. मान वर केली नाही.

नुसत्या कृमीच्या एका कुंडीची बाटली काढली. वहीत ब्याण्णव, मॅडमचे सत्त्याण्णव. म्हणजे बाईंना जिथे दिसायचं तिथे व्यवस्थित दिसत होतं, आणि जिथे प्रयोगाचा सगळा डोलारा उभा होता नेमकं तिथे नाही. योगायोगसुद्धा कधीकधी अगदी निवडून येतो.

शुक्रवारचा अहवाल टेबलावर छापून तयार होता. कूज असेल तिथे कृमीची तपासणी नको, हे वाक्य तिनं जाड अक्षरात केलं होतं. ते वाचून किती जणांनी तपासणी सोडली असती आणि कृमीनं पोखरलेल्या रानात तेच बियाणं पुन्हा पेरलं असतं, कोण जाणे. दोघी त्याच वाक्याकडे बघत होत्या.

"सगळ्या बाटल्या पुन्हा मोजू," शेवटी मॅडम म्हणाली. "पण डोळ्यांचं कशाला लिहायचं? आठ महिने राहिलेत तुमचे. तांत्रिक अडचण, असं लिहू."

"माझे डोळे तांत्रिक कधी झाले?" बाईंनी वही ओढली. सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःचा आकडा कधी खोडला नव्हता. आता त्यांनी पानभर तिरपी रेघ मारली. रेघेखाली त्यांनी लिहिलं: मोजणाऱ्याला मोतीबिंदू. पिवळे मणी दिसले नाहीत. पुन्हा मोजावे. सही केली, तारीख घातली. मॅडमनं पेन घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: फेरमोजणी केलीच नव्हती. मग ती टेबलावर डोकं ठेवून रडली. बाईंनी तिचा गार चहा बेसिनमध्ये ओतला आणि दुसरा आणून ठेवला.

मोजायला माणसं हवी होती. बियाणे विभागातली एक मुलगी मिळाली. मॅडमनं कुंडीवाल्यालाही विचारलं, कारण पूर्वी तो याच खोलीत मोजणीला होता असं तिच्या कानावर आलं होतं.

"मला मणी ओळखता येत नाहीत," तो म्हणाला. "कुंड्या सांगा, आणून देतो." आणि गेला.

बाईंना ते उत्तर जरा लागलं, पण का लागलं याचा विचार करायला तेव्हा सवड नव्हती.

शहाण्णव बाटल्यांना नऊ दिवस गेले. बाई फक्त बाटल्या ओतायच्या, भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. आपल्याच टेबलाशी पाहुण्यासारखं बसायचं, असे हे त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात लांब नऊ दिवस. निकाल साधा निघाला. दोन्ही असलेल्या कुंड्यांत मणी कमी नव्हतेच, जवळजवळ तेवढेच होते, फक्त कोवळे. बुरशी कृमीला आवर बिवर काही घालत नव्हती. मूळ कुजत होतं तरी कृमी आपला संसार उरकत होता, आणि त्याच्या येण्याजाण्यानं मुळाला पडलेल्या भोकांतून बुरशी आत शिरत होती. मॅडमनं जाड अक्षरांचं वाक्य काढलं आणि साध्या अक्षरांत उलटं लिहिलं: कूज दिसली तर आधी कृमी तपासा. अहवाल तीन आठवडे उशिरा गेला. साहेब कुरकुरले. आभारात चाळणीबाईंचं खरं नाव होतं, आणि ते कुणाचं म्हणून दोघांनी चौकशी केली.

बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आधी उजवा, महिन्यानं डावा. पट्टी निघाल्यावर घरी आल्या तर स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

"अहो, फारच भडक झालाय हा."

"तूच निवडलायस," नवरा म्हणाला आणि पंच्यानं डोळे पुसत बाहेर गेला.

केंद्रात परतल्या तेव्हा निवृत्तीला साडेचार महिने उरले होते. नवे कागद त्यांनी मोजायला घेतले, आणि दर दहावा कागद मॅडम समोर बसून खरोखर मोजायला लागली. पण बाईंच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. ही कुंडी चुकली, मग तिच्या आधीची? गेल्या वर्षीची? आपले आकडे नेमके कुठून खोटे व्हायला लागले? कपाटात पाच वर्षांच्या बाटल्या उभ्या होत्या. रोज दुपारी हातातलं काम संपलं की बाई त्या उलट्या क्रमानं काढायच्या आणि मोजायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, जुनं कशाला उकरताय. बाई म्हणाल्या, तुम्ही मला काळ्या दगडावरची रेघ म्हणालात, ती कुठवर आहे ते बघतेय.

गेल्या वर्षीचे आकडे पाव हिश्श्यानं कमी निघाले. त्याआधीचे थोडे कमी चुकलेले. तीन वर्षांपूर्वीचे बाटलीमागे नऊदहाचा फरक. दर दहाव्या चुकीशेजारी अरुंद रकान्यात कुणा ना कुणाचा प्रेमळ आकडा होता, एक इकडे, दोन तिकडे. बाई मागे मागे जात राहिल्या. चार वर्षांपूर्वीच्या वहीत एके ठिकाणी त्यांचा हात थांबला.

आकडा होता सहासष्ट, त्यांच्याच अक्षरातला. शेजारच्या रकान्यात एक आकडा खोडलेला आणि त्याच्यावर सदुसष्ट. खोडलेला आकडा नव्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. त्र्याहत्तर. सही कुंडीवाल्याची.

आणि मग सगळं आठवलं. तेव्हा तो इथे मोजणीला होता. मोजून म्हणाला होता, बाई, माझे सात जास्त येतात, काही पिवळे राहिलेत का बघा. चहाची वेळ, खोलीत पाचसहा माणसं. बाईंच्या नाकावर राग. "मातीचे कण मोजतोस काय? मला शिकवतोस? खोड ते." तो खोडेपर्यंत त्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी हसलं होतं. महिन्याभरात त्यानं काचघरात बदली मागून घेतली. आणि त्या पानानंतर अरुंद रकान्यात एकदाही दोनपेक्षा जास्त फरक नव्हता. बाईंनी चार वर्षांची पानं उलटून पाहिलं. एकदाही नाही.

त्यांनी ती बाटली काढली. कागदावर ओतली. दोनदा मोजली. त्र्याहत्तर. त्याच्या आधीच्या पाच बाटल्या मोजल्या, वहीतल्या आकड्यांशी जवळपास जुळल्या. चूक सुरू झाली होती ती इथूनच.

बाटली हातात घेऊन बाई काचघरात गेल्या. कुंडीवाला गरम पाण्यात कुंड्या घासत होता. त्यानं चिठ्ठीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि घासत राहिला.

"त्र्याहत्तर," तो म्हणाला.

"हो. त्र्याहत्तर." बाईंनी बाटली त्याच्यापुढे ठेवली. "चार वर्षं आकडा लक्षात ठेवलास, आणि एकदा तरी बोलायचं होतंस."

"बोललो होतो की, बाई."

नळाचं पाणी वाहत होतं. त्यानं तो बंद केला. बाईंच्या नव्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टरांनी चोळू नका सांगितल्यामुळे ते त्यांनी तसंच वाहू दिलं. "मी ओरडले ते सगळ्यांसमोर," त्या म्हणाल्या. "सांगणारही सगळ्यांसमोर. चहाच्या वेळेला ये. तो आकडा तुझ्या हातानं पुन्हा लिहायचाय."

तो आला. हात पुसून वहीपाशी उभा राहिला. बाईंनी पाचसहा जणांसमोर, पाठ केल्यासारखं, काय झालं होतं ते सांगितलं आणि माफी मागितली. त्यानं सदुसष्टवर रेघ मारली, त्र्याहत्तर लिहिलं, सही केली. मग जायला वळला तर बाईंनी त्या दिवशीचा दहावा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यावरचा आपला आकडा त्यांनी वहीत लिहून पान उलटं करून ठेवलं होतं.

तो क्षणभर थांबला, मग बसला. टिकटिक्या शून्यावर आणला. मॅडमचा चहा गार होत होता.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला.

बाईंनी वही उलटली. छप्पन्न होते. "दोनाचा फरक आहे. पुन्हा मोजायला हवं."

"मी?" तो म्हणाला. आवाजात जुनी धास्ती होती.

"तू कशाला? मी," असं म्हणून चाळणीबाईंनी स्टूल पुढे ओढलं.